सरळ केलेलं ब्लेड

ब्लेड हँड प्रेसखाली होतं आणि प्रत्येक दाबाबरोबर थोडं थोडं सरळ होत होतं. मला मनातून फार बरं वाटत होतं. वाकडी वस्तू सरळ होताना बघायला मला पहिल्यापासून आवडतं. माझी बायको म्हणते, "लोकांच्या घरी गेलात की चहा येईपर्यंत भिंतीवरचे फोटो सरळ करता तुम्ही. एखाद दिवशी कोणीतरी हातावर फटका देईल." मी ते हसण्यावारी नेत आलो होतो.

परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. मी टूलरूमचं काम करतो. म्हणजे कारखान्यांना पत्रा कापायला लागणारे डाय आणि पंच हव्या त्या मापात घासून द्यायचे. आमच्याकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणं होतात. त्यात मी सहसा बरोबर असतो.

हे ब्लेड मात्र कारखान्याचं नव्हतं. ते प्रज्ञाचं होतं. प्रज्ञा म्हणजे माझा शाळासोबती कांबळे, त्याची मुलगी. कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला, आता परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. मुलगी शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग करते. बर्फाच्या छोट्या ओव्हलवर चार-सहा जणी एकदम सुटतात, घड्याळाशी नाही तर एकमेकींशी शर्यत असते. मुंबईत त्या मापाचा बर्फ नाही. म्हणून प्रज्ञा सकाळी दादरच्या एका मैदानावर लहान मुलांना चाकांचं स्केटिंग शिकवते, त्यानंतर स्वतःचा सराव चाकांवरच करते आणि स्पर्धा आली की बर्फ शोधत उत्तरेत जाते.

"एकाच बाजूला फिरतात रे सगळ्या," कांबळे मला एकदा म्हणाला होता. "डावीकडे, डावीकडे, डावीकडे. घाण्याचा बैल बरा, तो थांबतो तरी."

हे वाक्य मी ऐकलं होतं. हसलोही होतो.

राष्ट्रीय कॅम्पची निवड चाचणी जवळ आली होती. उत्तरेत बर्फावरच्या सरावात दुसऱ्या मुलीशी टक्कर होऊन प्रज्ञाच्या एका ब्लेडला खाच पडली. मुंबईत आल्यावर बुटांची दोन्ही ब्लेडं सोडवून ती माझ्याकडे घेऊन आली.

"काका, एवढी खाच काढून द्याल? आणि धार दोन्हीकडून चौकोनी हवी. पण खालची गोलाई जाऊ देऊ नका."

तिनं नीट समजावलं. ब्लेडची खालची कड पाळण्याच्या बुडासारखी किंचित गोल असते, म्हणून स्केट वळतं. ती सपाट केली तर संपलं.

"अगं, गोलाई राखणं हाच माझा धंदा आहे," मी म्हटलं. "जा निश्चिंत."

ती निश्चिंत गेली.

खाच मी सुरेख काढली. गोलाई तपासली, केसाचाही फरक नव्हता. मग सवयीनं एक डोळा मिटून ब्लेड लांबीतून पाहिलं. ते डावीकडे वाकलेलं होतं. फार नाही, धनुष्याला हलकासा ताण द्यावा एवढंच. टक्कर झाली म्हटल्यावर वाकणारच, असं मला वाटलं. डायल लावला. डायल म्हणजे घड्याळासारखं मापयंत्र, काटा किती सरकला त्यावरून बाक कळतो. आकडा मिळाला.

मग मी दुसरं ब्लेडही पाहिलं. त्याची टक्कर झालेली नव्हती. तेही डावीकडेच वाकलेलं होतं. डायल लावला, काटा त्याच रेघेवर थांबला.

इथे मी थांबायला हवं होतं. फोन माझ्या समोर होता. पण मला वाटलं, कंपनीचाच माल वाकडा आलेला दिसतो, बिचारीला माहीतही नसेल. आपण सरळ करून दिलं तर खूश होईल. मी दोन्ही ब्लेडं प्रेसखाली घेतली आणि काटा शून्यावर आणला. एवढं बिनचूक काम त्या महिन्यात माझ्या हातून दुसरं झालं नव्हतं.

न्यायला कांबळे आला. "किती झाले रे?"

"घरच्या मुलीचे काय घेऊ? वाकली होती दोन्ही, तीही सरळ केलीत म्हणावं."

"तुझं काम म्हणजे काय बघायचंच नाही," तो म्हणाला आणि ड्यूटीला उशीर होत होता म्हणून पळाला. निरोपातलं ते निम्मं वाक्य बॅगेच्या गडबडीत प्रज्ञाला सांगायचं राहून गेलं. ब्लेडं तशीच बुटांना लागली.

चाचणीच्या आदल्या दिवशी कांबळेचा फोन आला. तिकडे बर्फावर प्रज्ञाचा सराव बिघडला होता. वळणावर पाय बाहेर जात होते. "रडत होती रे. म्हणते, मी बर्फ विसरले."

मी काय बोलावं? मी म्हटलं, "चाकांवर राहून सवय मोडली असेल. तिला सांग, अजून थोडा सराव कर. सगळं जमेल."

हा सल्ला मी दिला. मी.

दुसऱ्या दिवशी हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, ती पहिल्याच वळणावर सरळ गेली आणि भिंतीच्या गाद्यांवर आदळली. हाड मोडलं नाही. नाव मात्र यादीतून गेलं. तिच्या कोचनं नंतर ब्लेडांना मापाचं गेज लावलं, तेव्हा सगळा उलगडा झाला.

मुंबईला परतल्यावर ती गाळ्यावर आली. ब्लेडं पुन्हा सोडवून आणली होती. माझ्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या सपाट पाटावर, तिनं ती शेजारी शेजारी ठेवली. ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"काका, शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड मुद्दाम वाकवलेलं असतं. वळणाच्या बाजूला. वळणावर ते बर्फ धरून ठेवतं."

"तू बाकाबद्दल काही बोलली नव्हतीस, बाळा."

"नाही बोलले. तुम्ही खाच काढणार होतात."

तिनं विचारलं, "सरळ करण्याआधी मोजलं होतंत?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"सारखं आलं?"

"तंतोतंत."

"मग, काका?"

तीस वर्षं या धंद्यात आहे. हाताखालच्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो: एका नगात दोष आला तर मशीन बघा, सगळ्या नगांत एकसारखाच आला तर ड्रॉइंग बघा, तसंच मागितलेलं असेल. माझ्या डायलनं मला तेच सांगितलं होतं. माझ्याच गाळ्यात मला कुठे बघावं ते कळेना.

"तुमचा सरावाचा निरोप मिळाला होता," ती जाता जाता म्हणाली. "त्या दिवशी अजून एक सेशन घेतलं मी. पाय चुकतायत असंच वाटत होतं."

बाकाचा मूळ आकडा मी तिला सांगितला. तो मला पाठ होता. परत वाकवून देतो म्हणालो, तर म्हणाली, "नको, कोच करतील." बरोबरच होतं.

कांबळे मला एका शब्दानं बोलला नाही. पूर्वीसारखाच येतो, चहा पितो, हॉस्पिटलच्या गमती सांगतो. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं फोटोंचा विषय काढला नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण किती गंभीर आहे ते.

पुढच्या वर्षी प्रज्ञा पुन्हा चाचणीला गेली. चौथी आली. कॅम्पला तिघींना घेतलं. आदल्या वर्षी निवड झाली असती तर वर्षभर रोज बर्फ मिळाला असता. त्या चौथ्या नंबरात माझा वाटा किती, हा हिशेब मी अनेकदा मांडला. तो सुटत नाही.

यंदा तिच्या ब्लेडला पुन्हा खाच पडली. पाकीट कांबळेच घेऊन आला. उघडलं तर ब्लेड ज्यात बसवतात त्या नळीवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मार्करनं दोनच शब्द लिहिले होते: फक्त खाच.

मी फक्त खाच काढली. बाक आधी मोजला, नंतर मोजला, काटा त्याच रेघेवर होता. पट्टी मात्र थोडी तिरकी लागली होती. ती मी तशीच राहू दिली.