डावखुरा नट

"हा नट डावखुरा आहे," असं मी म्हणालो आणि पहिली रांग हसली.

मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटलंय. छातीवरून हात फिरवला आणि पुढं बोलत राहिलो. औरंगाबादचं कॉलेज, स्नेहसंमेलनातली वक्तृत्व स्पर्धा, विषय 'माझा आवडता कलावंत'. बाकीचे गवयांवर बोलले, कवींवर बोलले. मी उचलला होता एक अमेरिकन नट. वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी मासिकात त्याचं चरित्र सापडलं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक शब्द काढला. शेतमजुराचं पोरगं. हॉटेलात बशा विसळल्या, स्टुडिओत दिवे उचलले. मग दुसऱ्या नटांच्या जागी घोड्यावरून पडायचं काम मिळालं. पडायचा हा, नाव व्हायचं त्यांचं. हाडं मोडून घेतल्यावर कुणीतरी कॅमेरा त्याच्या तोंडावर आणला. नाव झालं, तेवढ्यात लढाईवर गेला. परत आला तर लोक विसरलेले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मला हा माणूस आपल्यातला वाटायचा. मासिकातल्या फोटोत तो खिशात हात घालून उभा होता. डाव्या हाताचं मासिकात नव्हतं, ते मी माझ्या पाहण्यातलं घातलं होतं. "उजव्या हाताच्या दुनियेत त्यानं आपला डावा हात लपवला नाही," हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

तिथवर पोचलोच नाही. आमच्याच गावच्या, देवगाव रंगारीच्या पाटलांचा मुलगा माझ्या वर्गात होता. तो पहिल्या रांगेतून उठला.

"सर, नट उजवाच आहे. ह्यांच्या वस्तीला आम्ही सिनेमाच्या पडद्याच्या मागं बसवतो. तिकडून सगळं उलटं दिसतं."

सगळा हॉल खदखदून हसला. परीक्षक सरांनी तोंडाला रुमाल लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मी घाईघाईनं म्हणालो, "ते मला वडिलांनी सांगितलं, सर. अडाणी आहेत ते."

आणि मीही हसलो.

बापानं मला असलं काहीच सांगितलं नव्हतं. मीच पाहिलं होतं.

उन्हाळ्यात गावात सिनेमाचा तंबू यायचा. त्याच्या मेखा माझा बाप ठोकायचा. जागा झाडायचा, हलगी वाजवत खेळाची दवंडी द्यायचा. त्या बदल्यात आमच्या महारवाड्याला पडद्याच्या मागं फुकट बसायला मिळायचं. पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, कचेरीवरचं निशाण बदललं. तंबूत कुणी कुठं बसायचं ते बदललं नाही. इंग्रजी अक्षरं कुणालाच येत नव्हती, ती उलटी आहेत हे कळणार कसं? घोडा कळायचा, बंदूक कळायची. खरं तर मागून पडद्यावरचे सगळेच डाव्या हातानं जेवायचे, पण माझी नजर त्या नटाच्या बंदुकीवरून हलायची नाही. आमच्या वस्तीतली सगळी पोरं डाव्या हाताची बोटं रोखून गोळ्या झाडायची. पाटलांच्या पोरानं ते लहानपणीच पाहून ठेवलं असणार.

स्पर्धेनंतर बाप होस्टेलवर आला, शेंगा घेऊन.

"आपल्या डावखुऱ्यावर बोल्लास का?"

"बोललो."

"मग? मान्सं काय म्हन्ली?"

"खूश झाली."

बाप लई खूश झाला. फाटकातून बाहेर पडताना मागं वळला आणि डाव्या हातानं माझ्यावर गोळी झाडली. मी हात वर केले, लहानपणी करायचो तसे.

उन्हाळ्यात गावी गेलो. तंबू लागलेलाच होता आणि खेळ त्याच नटाचा. मी दोन तिकिटं काढली, बापाचं मनगट धरलं आणि पडद्यासमोर जाऊन बसलो.

"नगं रं. पाटील काय म्हनतील?"

"बस, बा."

मशीन सुरू झालं. नट घोड्यावरून उतरला, उजव्या हातानं बंदूक काढली. बाप पडद्याकडं नुसता बघत राहिला.

"ह्यो त्यो नव्हं," तो म्हणाला. "आपला डावखुरा हाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून पाटलांचा आवाज आला. "उठा. मागं व्हा."

बाप उठायला लागला. मी मनगट सोडलं नाही. "तिकिटं काढलीत. उठणार नाही," मी म्हणालो. मशीनवाले चाचा ओरडले, "बैठे सो बैठे रहने दो ना, पाटील! खेल का टैम जारा!" पाटलांनी तंबूवाल्याला खूण केली. मशीन बंद झालं. लोक शिव्या देत उठले. सगळ्यात शेवटी आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी तंबू हलला. मेखा दुसऱ्यांनी उपटल्या. दवंडीचं कामही बापाकडून गेलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण तो गुन्हा माझा नाही. माझा गुन्हा हॉलमधला आहे. खेळ मोडला त्या रात्री तंबूतून घरी येताना मी तो त्याला सांगितला. तुझ्या नावावर खोटं घातलं, तुला अडाणी म्हणालो, वर हसलो.

बाप चालत राहिला. मग म्हणाला, "अडानी तर हाय मी." वस्ती आली तसा म्हणाला, "पन त्ये मी नव्हतं सांगितलं."

त्यानंतर तो त्यावर कधी बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. डाव्या हाताची गोळीही परत कधी झाडली नाही.

आता संमेलन जवळ आलंय. परवा मी पुन्हा नाव दिलं. सरांनी मान वर केली. "तोच नट? परत हसं करून घ्यायचंय का?"

"हसू द्या, सर. यंदा मी हसणार नाही."

पहिलं वाक्य तेच ठेवलंय. हा नट डावखुरा आहे. दुसरं नवं आहे. तुम्ही आम्हाला जिथं बसवलंत, तिथून मी त्याला माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिसऱ्या वाक्यात मी माझ्या बापाची माफी मागणार आहे. त्याला गावाहून घेऊन येणार आहे आणि पहिल्या रांगेत बसवणार आहे. कुणी उठ म्हणालं, तर भाषण तिथूनच सुरू होईल.