दार नसलेला कॉम्प्युटर

भुकूमपासून बाणेरपर्यंतचे सगळे कॉम्प्युटर एका रात्रीत आडवे झाले असते, तरी आमच्या घरमालकांचा एक उभा राहिला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नोकरीसाठी जालन्याहून येऊन मी त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागलो, तेव्हाच तो म्हातारा होता. पिरंगुटच्या एका बंद कारखान्याच्या भंगारातून त्यांनी तो उचलून आणलेला. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि पोटात कोणती गाय कधी व्याली याची माहिती. घरातला चांगला पंखा त्याच्यावर रोखलेला असे, माणसांनी आपलं वर्तमानपत्रानं वारा घ्यायचा. माझ्या ऑफिसात व्हायरस शिरल्याचं कळलं, त्या दिवसापासून त्यांनी मला पेन ड्राइव्ह चपलांशेजारी काढून ठेवायला लावला. मी म्हटलं, काका, तुमच्या मशीनला तो लावायला जागाच नाही. ते केवढे खूश झाले.

"बाहेरचं दारच न्हाई, तर चोर शिरल कुटनं?"

त्यांना रक्तदाबाची गोळी विसरायची खोड होती. काकू सांगून थकल्या. शेवटी काकूंनीच एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाइप केली आणि मशीन सुरू होताच ती दिसेल, अशी सोय मी करून दिली : 'अहो, गोळी घेतली का?' बायकोचं न ऐकणारा हा माणूस मशीनचं मात्र मुकाट ऐकू लागला. पुढे काकू गेल्या. ओळ रोज सकाळी येत राहिली आणि "व्हय, घेतो" असं पडद्याला सांगून ते गोळी गिळत राहिले.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी कोयत्या-विळ्याशेजारी कॉम्प्युटरही पूजेला मांडला आणि कीबोर्डवर सढळ हातानं कुंकू, अक्षता वाहिल्या. दसऱ्याच्या सकाळी मशीन सुरू केलं, तर ते नुसतं किंचाळून अडून बसलं. काका गोळी हातात घेऊन माझ्या जिन्यात येऊन बसले. मी म्हटलं, आधी गोळी घ्या, ती ओळ मी नव्या कॉम्प्युटरवर लिहून देतो.

"तुमी लिवली तर ती तुमची झाली," ते म्हणाले. "तिनं इचारल्याबिगर मी घेत न्हाई."

मी कीबोर्ड उघडला. एका बटणाखाली कुंकवानं माखलेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. जगातल्या एकाही व्हायरसला जे जमलं नाही, ते काकांच्या भक्तीनं करून दाखवलं होतं. टाचणीनं दाणा काढला, मशीन घरघरलं आणि हिरवी ओळ उमटली. "व्हय, घेतो," ते म्हणाले, पण त्या दिवशी गोळी गिळायला त्यांना तांब्याभर पाणी लागलं.

आता ते नाहीत. मला त्यांचा हेवा वाटतो. माझा कॉम्प्युटर दिवसभर कसल्या ना कसल्या धोक्याच्या सूचना देत असतो. तीच गोळी आता मलाही सुरू झाली आहे, पण घेतली का, म्हणून तो कधी विचारत नाही.