सलूनच्या दाराला नग दोन

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नानासाहेबांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, आणि रिटायर झाल्यावरही स्टोअर काही त्यांच्यातून गेलं नाही. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. बायकोच्या, चतुराबाईंच्या, दृष्ट काढायच्या मीठ-मोहऱ्यांच्या डब्यावरसुद्धा, ‘भंगार’. त्यामुळं वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या लेकीनं, प्रेरणानं, त्यांच्याकडं दोन निवडुंग सोपवले, तेव्हा त्यांचं बारसं ‘नग एक’ आणि ‘नग दोन’ असंच झालं.

निवडुंग होते मेक्सिकोच्या वाळवंटातले, लिंबाएवढे. तिकडं चोरट्यांनी उपटून उपटून विकले, आता औषधालाही सापडायची मारामार. प्रेरणाच्या संस्थेनं बियांपासून रोपं केली, तर बाकीची सगळी पावसाळ्यात सडली. उरले हे दोनच. दोघांना एकाच वेळी फूल आलं आणि एकाचे पराग दुसऱ्याला लागले, तरच बी धरणार होतं. नानासाहेब तीन वर्षं वाट बघत होते, आणि दोघं मख्ख.

माघात ते लग्नाला म्हणून चार दिवस गंगापूरला गेले. परत येऊन बघतात तर नग दोनची कुंडी रिकामी!

“अवं, सुदर्शनच्या सलूनला दिलं,” चतुराबाई भाकरी थापत म्हणाल्या. सुदर्शन त्यांच्या बहिणीचा मुलगा. “नवं दुकान हाय. दाराला काटेरी काहीतरी उलटं टांगावं लागतं, नायतर नजर लागती. अन् तुमच्याकडं दोन व्हते की.”

नानासाहेब अनवाणीच पळाले. सलूनच्या दारावर नग दोन काळ्या दोऱ्याला लोंबकळत होता. मुळं वर, डोकं खाली, शेजारी लिंबू-मिरची.

“काका, उतरवायचं नाव काढू नका,” सुदर्शननं हात जोडले. “हे टांगलं अन् गिऱ्हाईक लई वाढलं. काढलं तर माझं वाटोळं व्हईल.”

जन्मभर नानासाहेब बायकोच्या दृष्ट-बिष्टीला हसत आले होते. त्या दिवशी मात्र, खरं सांगायचं तर, त्यांना रडू आलं.

चैत्रात एका सकाळी गच्चीत नग एकला फूल आलं. नानासाहेब त्याच्यासमोर उसासे टाकत बसले होते, तोच सुदर्शनचा फोन.

“काका, तुमच्या काट्याला फूल आलंय! उलटंच!”

संध्याकाळपर्यंत फुलं मिटणार होती. चतुराबाई नग एक मांडीवर घेऊन स्कूटरवर मागं बसल्या. सलूनमध्ये कचरू नावाच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली होती, त्यालाच उठवून स्टूल धरायला लावलं. सुदर्शननं मिशीला कलप लावायचा कोरा ब्रश दिला. नग दोनचे पराग घेऊन नग एकच्या फुलाला लावायचे, म्हणून नानासाहेब ब्रश घेऊन वर चढले.

“मंगलाष्टकं म्हणू का?” कचरूनं फेसातून विचारलं.

“तू स्टूल धर!”

महिन्याभरानं नग एकला बोंड धरलं. प्रेरणा फोनवर रडायलाच लागली. “बाबा, जगात किती उरलेत ते माहितीये ना? बी पिकेपर्यंत जपा.”

नानासाहेब बोंडाजवळ उभे राहिले. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका कपडे वाळत घालत होत्या. सगळ्यांचे डोळे आपल्या बोंडावरच आहेत असं त्यांना वाटायला लागलं. मग ते स्वयंपाकघरात आले आणि फळीवरचा डबा त्यांनी स्वतः खाली काढला.

“भंगार हाय ना ते?” चतुराबाई म्हणाल्या.

नानासाहेबांनी नखानं चिठ्ठी खरवडून काढली.

“जरा गच्चीत चल,” ते म्हणाले. “अन् मोहऱ्या मूठभर जास्तच घे.”