शोभाचं गेमचं दुकान आणि मालूबाईचा हात

राजपुरा मोहल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरलं की डाव्या हाताला शोभाचं दुकान होतं. नव्वदीच्या शेवटी घरोघरी केबलच्या वायरी पोचल्या आणि इंदूरला जे मिळतं ते आपल्याकडेही हवं असं सगळ्यांना वाटायला लागलं. त्याच सुमारास शोभानं व्हिडिओ गेमची दोन जुनी मशीनं आणली. एकात मोटार पळायची, दुसऱ्यात माणसं एकमेकांना बडवायची. मोटारीच्या मशीनवर धूळ बसायची आणि बडवण्याच्या मशीनपुढे गर्दी हटायची नाही.

शोभा पस्तिशीची. नवऱ्याचा मार खाऊन कंटाळली तेव्हा खंडव्याहून सरळ माहेरी निघून आली. भाऊ दत्तात्रय यानं रस्त्याकडची खोली तिला धंद्यासाठी दिली, पण देताना अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा बेतानं दिली. शोभाला त्या गेमचं कौतुक अजिबात नव्हतं. "लाथ खाऊन मेलेला गडी नाणं टाकलं की पुन्हा उभा! असं कुठं होतं का? येडे बनवून राहिले पोरांना," असं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावर म्हणायची. पण दुकानात खरा हात उचललेला तिला चालायचा नाही. उचलला की कॉलर धरून बाहेर.

तिच्याकडे रोज येणाऱ्यांत अनंत होता, कॉलेजात नुकता गेलेला. खेळायला भयंकर कच्चा. हरायचा, बाजूला उभा राहायचा आणि शोभा शटर ओढायला लागली की मगच पाय उचलायचा. याला घरी जायचं नसतं, हे तिनं ओळखलं होतं. तिनं स्वतः असे दिवस काढले होते.

अनंतचे वडील लीलाधर. साड्यांचं दुकान, कपाळाला गंध, बोलणं साखरेचं, आणि गणेश मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांच्या दुकानातला टीव्ही गिऱ्हाइकांसाठी दिवसभर चालू असायचा आणि त्यावर परदेशी पहिलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालायचे. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

एका सकाळी लीलाधरची बायको मालूबाई प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून देवळात दिसली. दुपारपर्यंत कारणही मोहल्लाभर फिरलं. अनंतनं आईला जिन्यावरून ढकललं म्हणे. शोभाच्या दुकानातला गेम खेळून पोरगं राक्षस झालं म्हणे. सांगणारे होते खुद्द लीलाधर.

मग मंडळाच्या मंडपात सभा भरली. मावा-जलेबीच्या थाळ्या फिरल्या आणि संस्कारांची काळजी सुरू झाली. लीलाधर माईकवर रडले. ज्या मशीनला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, त्यातल्या ठोशांचं वर्णन त्यांनी असं रंगवून केलं की मागे बसलेली पोरं टाळ्या वाजवणार होती. "माझ्या पोटच्या पोरानं, आपल्या आईला!" असं म्हणून त्यांनी अनंतला पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. 

सभा तशीच उठून शोभाच्या दारात आली.

"हे बंद कर," लीलाधर म्हणाले.

शोभानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अनंता, तू ढकललं आईला?"

"त्याला काय विचारते? मी सांगून राहिलो ना!"

"तुम्ही सांगितलंच, लीलाधरभाऊ. सगळ्या गावाला सांगितलं. मी त्याला विचारते."

अनंतनं एकदा बापाकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लीलाधर दुकानात असताना शोभा त्यांच्या घरी गेली. मालूबाई एका हातानं पीठ मळत होती.

"वहिनी, मी पण सासरी जिन्यावरून लई पडायची," शोभा म्हणाली. "बैठं घर होतं तरी."

मालूबाईनं पिठात पाण्याचा हात मारला. मग म्हणाली, "आळ मशीनवर गेला तर कुणाचं काय बिघडलं? मशीनला लागतं का?"

"आणि अनंताला?"

"तो पोरगा आहे. लोक विसरून जातील."

शोभाला तिचा राग आला. राग आला याची लाजही वाटली. ती तशीच उठून आली.

दुकान वाचलं नाही. दत्तात्रयच म्हणाला, "मला याच मोहल्ल्यात राहायचं आहे, शोभा." मशीनं टेम्पोत चढली आणि त्या खोलीत शोभानं साड्यांच्या फॉल-पिकोचं मशीन टाकलं. राजपुरा सुधारला. मंडळानं लीलाधरचा शाल देऊन सत्कार केला. अनंत मात्र मामाकडे, धूलकोटला निघून गेला. जाताना त्यानं आईला नमस्कार केला, पण बोलला नाही.

पुढच्या थंडीत मालूबाईचा डोळा काळानिळा झाला आणि ओठ फाटला. गावात आता गेम नव्हता, घरात मुलगा नव्हता. लीलाधर म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला. या वेळी ना सभा झाली, ना माईक लागला. बाथरूमविरुद्ध मोर्चा काढायचं कुणाला सुचलं नाही.

भर दुपारी मालूबाई तोंडावरचा पदर काढून शोभाच्या दुकानात आली. साड्या घेऊन आलेल्या चारचौघी तिथं बसल्या होत्या. ती उभ्यानंच म्हणाली, "अनंतानं मला ढकललं नव्हतं. तो मधे पडला होता. हात यांनी मोडला. हे पण यांनीच केलं."

बायका आपापल्या साड्यांचे काठ बघायला लागल्या. मंडळाच्या खजिनदाराची बायको मथुराबाई पुटपुटली, "घरातली गोष्ट घरात ठेवावी, बाई."

"मथुराकाकू," शोभा म्हणाली, "पोराचं नाव माईकवर घेतलं, तेव्हा ही गोष्ट कुठं होती? घरात?"

तिनं शटर ओढलं आणि मालूबाईला घेऊन धूलकोटची बस धरली.

महिन्याभरानं लीलाधर मंडळाच्या दोघांना घेऊन तिथं पोचले. मालूबाईचा भाऊ मोतीलाल कापसाच्या ढिगाजवळ उभा होता. लीलाधरनी गोड आवाज काढला, चूकभूल, समाज, घराण्याची अब्रू, सगळं काढलं. मालूबाई अंगणात आली आणि सोबतच्या दोघांना म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं झालं. गावात सांगा, मारणारा हा आहे. पोरगा नाही." मग आत निघून गेली. पाहुणे बसची वेळ झाली म्हणून उठले. गावात जाऊन त्यांनी काही सांगितलं नाही. शोभानं मात्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि काही बायका तिला सोडून फॉल-पिकोसाठी पार गावाच्या टोकाला, लालबागला जायला लागल्या.

लीलाधर येऊन गेले त्याच संध्याकाळी अनंतनं आईला पहिल्यांदा विचारलं, "तेव्हा का नाही बोलली?"

"भ्यायली होती."

"मी पण भ्यायलो होतो. तरी तुला अजून मार पडू नये म्हणून हो म्हटलं."

मालूबाई चुलीकडे वळली. तिनं ताट वाढलं. तो जेवला, पण तिच्याशी नीट बोलायला त्याला पुढचा पावसाळा यावा लागला.