टाकीचं झाकण

नाना गेले त्याला आता सहा आठवडे होतील. जलदान विधीसाठी आम्ही साक्रीकडच्या आमच्या गावी पोचलो, तर फाट्यावरच नानांचा भला मोठा फलक. फेटा बांधलेले नाना, मागे आभाळात झेपावणारं लढाऊ विमान आणि खाली ठळक अक्षरांत 'माजी वैमानिक'. तेवढ्या दुःखातही मला हसू आलं. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाही विमान चालवलं नव्हतं, आणि फलकावरचं विमान तर त्यांच्या नोकरीच्या काळात जन्मालाही आलं नव्हतं. पण हवाई दलात गेला म्हणजे विमानच चालवणार, हे गावानं नाना भरती झाले त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. गावावरून विमान गेलं की पोरं ओरडायची, "आमना नाना चालना!" नानांनी कधी ते खोडून काढलं नाही. खरं म्हणजे नोकरीबद्दल ते काहीच बोलत नसत, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते त्यानं समजावं अशी सगळी सोय होती.

नाना होते मेकॅनिक. जमिनीवर राहून विमान उड्डाणासाठी तयार करायचं, एवढं त्यांचं काम. नऊ वर्षं ते त्यांनी केलं, मध्ये एकाहत्तरची लढाई झाली, आणि मुदत संपताच वाढवून न घेता ते घरी आले. अजून सहा वर्षं काढली असती तर जन्माची पेन्शन लागली असती. त्याऐवजी जळगावच्या एका डाळमिलमध्ये यंत्रं दुरुस्त करू लागले. आईनं हे त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं, आणि तिचं चुकत होतं असं नाही. मिलच्या मालकानं त्यांना तीनदा हेडमिस्त्री करायचं ठरवलं. हेडमिस्त्रीला पाळी संपताना रजिस्टरवर सही करावी लागते, हे कळल्यावर तिन्ही वेळा नाना नको म्हणाले. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही आईची असायची, तीही मुद्दाम शिकून घेतलेली, ओळ सोडून वर चढणारी. नानांचं अक्षर मात्र इतकं सुंदर की मिलमधले लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून न्यायचे. अर्ज लिहून झाला की ते कागद पुढे सरकवायचे, "सही तुम्ही करा."

मी शिक्षिका. उत्तर माहीत असून गप्प बसणारा विद्यार्थी मला सहन होत नाही. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेनं माजी सैनिकांना बोलवायचं ठरवलं आणि मुख्याध्यापक म्हणाले, तुमचे वडील आहेतच की. नानांनी साफ नकार दिला. "लढाईत तुम्ही काय केलं, तेवढं तरी सांगा," मी म्हटलं. "नटबोल्ट कसत व्हतू," एवढं बोलून ते अंघोळीला निघून गेले. मग मलाही ईर्ष्या चढली. मी नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी एक पान आलं: भरती, बदल्या, तळांची नावं. लढाई चालू असताना त्यांची एका रात्रीत बदली झाली होती आणि त्यानंतर त्यांनी स्वतःहून विमानांपासून दूर, स्टोअरमध्ये काम मागून घेतलं होतं. का, ते त्या पानावर नव्हतं. माजी वायुसैनिकांच्या मोबाइलवरच्या एका गटात मी चौकशी केली, तेव्हा नानांच्याच तुकडीतले एक निवृत्त सार्जंट सापडले. राहायला कुठे, तर धुळ्याला!

मी आनंदानं हे नानांना सांगितलं. ते पंखा उघडून बसले होते. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. "माय, जे गयं ते गयं. आते कसाले उकरस?" त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही, विचारतच राहिले, आणि शेवटी ते तुटक तुटक बोलले... विमान निघण्याआधी मेकॅनिक सगळं तपासून रजिस्टरमध्ये सही करतो. त्या सहीवर भरवसा ठेवून पायलट विमान घेऊन जातो. त्या दुपारी नाना इंधनाची टाकी भरत होते. तेवढ्यात त्यांना शेजारच्या विमानाकडे कुणी तरी बोलावलं. ते धावत गेले, धावत आले, सही केली, विमान उडालं. आणि मग त्यांच्या मनात आलं, टाकीचं झाकण आपण कसून लावलं का? काही केल्या आठवेना. संध्याकाळी बाकीची विमानं परत आली, ते आलं नाही. लढाईच्या धांदलीत दिवस उगवायच्या आत नानांना दुसऱ्या तळावर पाठवलं.

"मग नंतर कुणाला विचारलं नाही?"

"काय इचारू?" नाना म्हणाले. "तो वापस उना नही. मनी सही व्हती."

पुढच्या रविवारी मी एकटीच धुळ्याला गेले. सार्जंटकाका दिलखुलास माणूस. मी सगळं सांगितलं तर ते खुर्चीतून पुढे वाकले. "अहो ताई, तो तर दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला! इंधन कमी पडलं म्हणून वाटेतल्या एका तळावर उतरला होता." मग म्हणाले, "आमच्या धुळ्याच्या स्टँडवर एकदा दिसले होते तुमचे वडील. मी जोरात हाक मारली. त्यांनी बघितलं आणि गर्दीत शिरले. मला वाटलं, माणूस आढ्यतेखोर झाला." परतीच्या बसमध्ये मला नानांचा असा राग आला की सांगता सोय नाही. दोन-अडीच तासांच्या अंतरावर उत्तर बसलं होतं आणि हा माणूस पन्नास वर्षं त्याला तोंड चुकवत राहिला! आईची ती बोलणी, ते हुकलेलं हेडमिस्त्रीपद... सगळं डोळ्यांपुढे आलं. पण घर जवळ येईपर्यंत राग ओसरला. न विचारल्यामुळे तो पायलट जिवंत असण्याची बारीकशी शक्यता तरी नानांकडे उरत होती. विचारलं असतं आणि तीही गेली असती तर?

घरी आल्या आल्या मी त्यांना सांगितलं. "उतरना का तो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा मी हो म्हटलं. मग म्हणाले, "तेल कसं कमी पडनं?" मी हा विचारच केला नव्हता. मी बातमी पेढ्यासारखी घेऊन आले होते, आणि मेकॅनिकनं त्यातलं नेमकं ते एकच वाक्य धरलं.

सार्जंटकाकांनी खटपट करून त्या पायलटसाहेबांचा नंबर मिळवला. ऐंशी ओलांडलेले, उत्तरेत कुठे तरी मुलाकडे राहणारे. फोन लावण्याआधी नानांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि खाटेवर ताठ बसले. नाव, हुद्दा, तुकडी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहब, उस दिन... टंकी का ढक्कन?" पलीकडे साहेब खाकरले. मग आवाज आला, "बहुत पुरानी बात है भाई, कुछ याद नहीं. मैं लौट आया न? तो आपने ठीक ही कसा होगा." फोन ठेवल्यावर नानांनी पंचा तोंडावर घेतला आणि ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग पंच्यानंच नाक पुसून म्हणाले, "झाकणनं राहू दे. माणूस जित्ता शे."

त्यानंतर दीडेक वर्ष नाना होते, आणि ते दीड वर्ष मला फार मोलाचं वाटतं. दोनदा ते स्वतःहून धुळ्याला गेले आणि सार्जंटकाकांकडे मुक्काम करून आले. आमच्या शाळेतही आले. पोरांना लढाईच्या गोष्टी हव्या होत्या. यांनी सायकल बाहेर काढण्याआधी काय काय तपासावं ते अर्धा तास सांगितलं. पोरांचा हिरमोड झाला, मला मात्र भरून आलं. शेवटी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

विधी झाल्यावर नाना गेल्याचं कळवायला मी पायलटसाहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ढक्कन ढीला था, बेटी." त्यांना सगळं आठवत होतं. इंधन बाहेर उडत होतं, कसंबसं विमान उतरवलं, तिथल्या मेकॅनिकनं झाकण कसलं. पण साहेबांनी ते कुठेही लिहून दिलं नाही. लढाईच्या दिवसांत कोवळ्या पोराची नोकरी गेली असती, वर शिक्षा झाली असती. आणि पन्नास वर्षांनी तोच पोरगा फोनवर विचारत होता, तेव्हा खरं सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

हे छापावं की नाही, यावर मी खूप विचार केला. पण नानांनीच मला रजिस्टरचं महत्त्व सांगितलं होतं. जे झालं ते त्यात लिहिलेलं असावं, चूकही आणि ती पोटात घालणारा माणूसही.

आमच्याकडे बरण्यांची झाकणं नाना लावायचे आणि मग ती कुणाला उघडायची नाहीत. परवा लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली, ती हलेना. माझा नवरा पकड घेऊन आला. मी बरणी ओढून घेतली, छातीशी धरली आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "नाना, ढिलंच व्हतं. त्याले बठ्ठं माहीत व्हतं, तरी तो बोलना नही." नवऱ्यानं पकड खिशात ठेवली. बरणी परत फळीवर गेली आहे. लोणचं सध्या आम्ही दुकानातून आणतो.