परत बोला

अंबरनाथच्या आनंदनगरात आमचा कारखाना. शिफ्ट बदलताना सगळे वॉकीटॉकीच्या चार्जिंग स्टँडपाशी घुटमळतात, आणि तेवढ्यात एखादा किस्सा निघतोच.

जुन्या सेटमध्ये खरखर असायची, पण तिच्याखालून माणूस ऐकू यायचा. नवे डिजिटल सेट आले. त्यांत खरखर नाही. आवाजच तुटतो, अर्धं वाक्य गायब. म्हणून कंट्रोल रूममधल्या म्हात्रेभाऊंनी पद्धत घातली. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत बोलायचं, भाऊंनी "बरोबर" म्हणायचं, मगच व्हॉल्व्हला हात.

*

सोनिवलीचा शेलार तेव्हा नवीन. काहीही तुटक ऐकू आलं की म्हणे, "हो भाऊ." एकदा भाऊ जिना उतरून थेट बॉयलरपाशी आले.

"मी आत्ता काय सांगितलं?"

शेलार हातातल्या सेटकडे बघू लागला.

"मग हो कशाला म्हणालास?"

*

भाऊंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, एकदा उल्हासनगर कॅम्प तीनच्या बाजारातून भाऊंना फोन केला. यायला उशीर होणार होता, आणि आवाज तुटत होता. भाऊ सवयीने म्हणाले, "भात लावायचा, आमटी गरम करायची. बरोबर?"

वहिनी नंतर आम्हाला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं!"

*

मग भाऊंच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. मानेला छोटं मशीन लावून ते बोलू लागले. आवाज एकसुरी, घरघरता. समोर बसून ऐकताना आम्हाला सरावाने कळू लागलं. सेटवर मात्र पंचाईत. मोटारींचा आवाज गाळणारा तो सेट भाऊंचाही आवाज गाळायचा.

मॅनेजर देवधर साहेबांचं म्हणणं, ऐकण्यात चूक झाली तर माणूस भाजेल. भाऊंना स्टोअरला पाठवावं लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. भाऊंनी पाटीवर लिहिलं, "एकदा चाचणी घेऊन बघा."

साहेब बॉयलरपाशी शेलारच्या शेजारी उभे राहिले. सेटवर घरघरीचे तुकडे आले.

"भाऊ, काहीच कळलं नाही," शेलार म्हणाला. "परत बोला."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा तुकडे.

"तीन नंबर कळलं. उघडू की बंद करू, ते नाही कळलं. परत बोला."

पुन्हा तुकडे.

"तीन नंबर बंद करतो."

एक छोटासा तुकडा आला. शेलारने व्हॉल्व्हला हात घातला.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर म्हणाले."

साहेबांनी शेलारच्या हातातून सेट घेतला, कानाशी धरला आणि बटण दाबलं.

"भाऊ, मी देवधर. परत बोला."