चाचांचा बांबू

रोज ओहोटीला चाचा आमच्या नव्या जेटीच्या टोकावरून बांबू खाली सोडायचे. तो चिखलातच रुतायचा. उमेदीची वर्षं दुबईच्या बंदरात काढलेले चाचा मला दरवेळी ऐकवायचे, "दर्या त्योच हाय. तिथं आधी पानी मोजतात. आपल्याकडं आधी जागा कुनाची ते बघतात."

जागा सरपंचांच्या मेव्हण्याची होती. मी ग्रामपंचायतीचा कारकून, म्हणून गप्प बसायचो.

तपासणीचे साहेब ऐन भरतीला दिघीहून बोटीने आले. मी फाइल घेऊन जेटीवर उभाच होतो. एरवी दोन घोटांत चहा संपवणारे चाचा आम्हाला आग्रहाने घरी घेऊन गेले. आधी चहा, मग भाकरी आणि तळलेलं पापलेट, मग पुन्हा चहा. त्यांची नजर सारखी खिडकीबाहेर जात होती. ते ओहोटीची वाट बघताहेत हे कळलं आणि मी फाइल मांडीखाली सरकवली.

परत आलो तेव्हा बोट चिखलात आडवी पडली होती.

"आता लिवा, सायब," चाचा म्हणाले.

"सही तर उतरल्या उतरल्याच झाली. यांनीच घेतली," साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

चाचांनी बांबू माझ्या हातात दिला. "मग उतर खाली. चिखल किती हाय, सायबांना दाखव."